थकबाकी

पावतीपुस्तक माझ्याकडे असतं.
नैवाशाला, सरोवराच्या दक्षिण रस्त्यावर,
नजालीच्या शिलाईच्या दुकानामागं आमची खोली.
एक टेबल, सहा खुर्च्या,
त्यातली एक बसायची नाही.

आजवरची सगळ्यात मोठी पावती
अकरा हजार शिलिंगांची, मासळीवाल्या ओदेराच्या नावची.
त्याच महिन्यात त्याची बायको
ओठ फुटलेला घेऊन आमच्या दारात आली.
पैसे तोवर छपरावर चढले होते.
तिला आम्ही त्याच पत्र्याखाली झोपवलं.
वर बघत ती म्हणाली, पत्रा नवा दिसतोय.
कुणी काही बोललं नाही.

आता हे पत्र.
जाड कागद, समुद्रापलीकडचा शिक्का, चार कोटी.
शून्यं मी पेन्सिलीच्या टोकानं मोजली,
मग न्योकाबीनं,
मग नजालीनं गळ्यातली टेप काढून मापायचं नाटक केलं
आणि आम्ही खूप हसलो.
मग खालची सही वाचली.

त्या आडनावाच्या खोक्यांत
आम्ही अकरा वर्षं गुलाब भरले.
साठ सेंटिमीटरचा देठ, एकही काटा मोडलेला नको.
फेब्रुवारीत चौदा-चौदा तास.
लघवीला जायचं तर मुकादमाकडून बिल्ला घ्यायचा,
आणि बिल्ला देताना
तो बोटं सोडायचा नाही.

म्हातारा गेला. हा ट्रस्ट मुलीचा, मख्तेल्टचा.
तिनं पत्रात 'भगिनींनो' लिहिलंय.
खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही.
तेच तर अवघड झालंय.

मोराच्या उजव्या हाताची दोन नखं
फवारणीनंतर पुन्हा उगवली नाहीत.
ती म्हणाली, नको.
मिंधेपणात आवाज एकदम जात नाही.
आधी नुसता बसतो,
आणि आपल्याला वाटतं, सर्दी झालीय.

न्योकाबी म्हणाली,
मंगळवारी रात्री ती पोरगी आली, पाठीला बाळ बांधलेलं.
आपण जागा नाही म्हणालो.
ती कुठं गेली ते शोधून काढ, मोरा,
आणि तिला सांगून ये
आपले हात किती स्वच्छ आहेत ते.

मोरा ताडकन उठली.
ती खुर्ची, न बसायची, आपोआप पडली.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी हिशेब लिहिणारी बाई, मी मीठ तपासते.
खोकी उचलताना आमच्या झग्यांवर
घाम वाळून पांढरे नकाशे उठायचे.
मीठ कुणी कुणाचं खाल्लं?

मी नवं पान काढलं. खाली कार्बन घातला.
'देणगीदाखल' हा छापील शब्द खोडला
आणि वर लिहिलं:
थकलेल्या मजुरीपैकी, पहिला हप्ता.

न्योकाबीनं वाचलं. म्हणाली,
अशी पावती पाठवलीस तर पैसे यायचे नाहीत.
मोरानं वाचलं. म्हणाली,
आणि आले तर?
तर त्यांना वाटेल, फिटलं.
'पहिला' दोनदा गिरव.
मी गिरवला. इतक्या जोरात
की खालची प्रत फाटली,
जी आमच्याकडे राहायची होती.

सोमवारी नमुना म्हणून ती पावती टपालात टाकली.
सोबत चार ओळी: पैसे या नावानं पाठवणार असाल तर पाठवा.
आमचा फोटो मिळणार नाही.
नजाली म्हणते, उद्धट झालंय.
मला रात्री दोनला जाग येते
आणि चार कोटींत किती खाटा येतील
ते मी मोजत बसते.
विमानं त्याच वेळी उडतात, पोटात फुलं घेऊन.

उत्तर अजून नाही.

काल पुन्हा दार वाजलं.
या वेळी आम्ही टेबल उचलून बाहेर ठेवलं,
खुर्च्या भिंतीला लावल्या, चटई घातली.
मोरानं कंदील वर धरला,
चेहरा नीट पाहिला.

ती नव्हती.
दुसरीच होती.